अर्ध्यावर सोडलेला चेहरा

२४ मार्च १९७० ला तोक्योत कोदान्शा या प्रकाशनसंस्थेच्या सभागृहात एक शोकविधी झाला. सभागृहात बॉक्सिंगची रिंग उभारली होती, बौद्ध भिक्षू सूत्रपठण करत होते आणि सातशेच्या आसपास माणसं जमली होती. मृताचं नाव तोरू रिकीइशी, पेशानं बॉक्सर. एका लढतीनंतर तो गेला होता. एवढंच सांगायचं राहिलं की हा रिकीइशी मुळात कधी जन्मालाच आला नव्हता. एका साप्ताहिकातल्या चित्रकथेतलं, म्हणजे मांगातलं, ते पात्र होतं.

मांगाचं नाव 'आशिता नो जो', म्हणजे 'उद्याचा जो'. लेखक इक्की काजिवारा (या मालिकेपुरतं त्यांनी आसाओ ताकामोरी हे नाव घेतलं होतं), चित्रकार तेत्सुया चिबा. जो हा अनाथ, भटका, मारकुटा पोरगा आणि रिकीइशी त्याचा प्रतिस्पर्धी. शोकविधीचा घाट घातला होता कवी-नाटककार शूजी तेरायामा यांनी. रिकीइशी मेला कसा, हेही ऐकण्यासारखं आहे. चिबांनी सुरुवातीलाच त्याला जोपेक्षा बराच उंच आणि थोराड काढून ठेवलं होतं. पुढे दोघांना एकाच वजनगटात लढवायचं, तर या धिप्पाड माणसाला वजन उतरवणं भाग पडलं. म्हणून मग कथेत ती उपासमार आली, पाण्याच्या थेंबासाठीची तडफड आली, तारेनं करकचून बांधलेले नळ आले आणि शेवटी ती लढत आली. चित्रकाराच्या हातून चार रेषा लांब गेल्या आणि पात्राला त्या जिवानिशी भोवल्या.

गोष्ट इथे थांबत नाही. आठवड्याभरानं, ३१ मार्चला, जपानच्या 'लाल सेना' या जहाल डाव्या गटातल्या नऊ तरुणांनी जपान एअरलाइन्सचं 'योदो' नावाचं विमान पळवलं आणि ते शेवटी उत्तर कोरियात, प्योंगयांगला नेलं. त्यांच्या निवेदनात एक वाक्य होतं: आम्ही 'उद्याचा जो' आहोत. दुसऱ्या दिवशी, १ एप्रिलला, जोची ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशनची, मालिका टीव्हीवर सुरू झाली. पात्र गेलं म्हणून काही जण हळहळले, काहींनी त्याच गोष्टीतल्या पात्राचं नाव स्वतःला लावून विमान पळवलं आणि मग ते पात्र पडद्यावर हलू-बोलू लागलं. सगळं मिळून नऊ दिवस. जपानी ॲनिमेचे चाहते पात्रांमध्ये इतके का गुंततात, या प्रश्नाचं बरंचसं उत्तर या नऊ दिवसांत दडलेलं आहे.

मी या वाटेला गेलो तो भाचीमुळे. ती नाशिकला असते, तेव्हा अकरावीत होती. तिच्या बॅगेला 'डेमन स्लेयर' या मालिकेतल्या शिनोबू कोचोचे बावीस बिल्ले लावलेले. बावीसच्या बावीस वेगवेगळे असते तरी समजलं असतं, त्यातले सात तर हुबेहूब एकसारखे. मी म्हटलं, "अगं, एक पुरला नसता का?" तर म्हणाली, "मामा, तुझ्या देव्हाऱ्यात गणपती किती आहेत?" घरी येऊन मोजले, पाच निघाले. त्या दिवसापासून मी टिंगल बंद केली आणि वाचायला लागलो.

जपानीत अशा बॅगेला 'इता-बॅग' म्हणतात. 'इताइ' म्हणजे दुखणारं, खुपणारं. बघणाऱ्याच्या डोळ्यांना टोचेल इतकी सजवलेली बॅग. आपण जरा अतीच करतोय हे चाहत्यांना पुरतं ठाऊक असतं. हे लक्षात असू द्या, कारण 'या मुलांना खरं-खोटं कळत नाही' हा पहिला गैरसमज इथेच गळून पडतो.

आधी मानसशास्त्राचा भाग उरकून घेऊ, तो त्यातल्या त्यात सोपा आहे. १९५६ मध्ये डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकन अभ्यासकांनी एक निबंध लिहिला. टीव्ही तेव्हा घराघरांत नुकता शिरत होता. पडद्यावरचा निवेदक कॅमेऱ्याकडे बघून बोलतो, तेव्हा घरात बसलेल्या माणसाला तो आपल्याशीच बोलतोय असं वाटतं, हे त्यांनी हेरलं. रोज भेटला की ओळख वाढते, त्याच्या लकबी कळतात, तो दिसला नाही तर चुकल्यासारखं होतं. फक्त आपण कोण, हे त्याला कधीच कळणार नसतं. या नात्याला त्यांनी 'पॅरासोशल' म्हटलं. त्याचे मराठी प्रतिशब्द जड होतात, मी आपलं 'एकतर्फी ओळख' म्हणतो.

याच्या शेजारी आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे तादात्म्य. त्यात पात्र आपल्यासमोर बसलेलं नसतं, आपणच त्याच्या जागी जाऊन बसलेले असतो. जोनाथन कोहेन या संशोधकानं २००१ मध्ये या दोहोंमधला फरक नीट मांडला. घरच्या घरी करायची चाचणी अशी: पडद्यावर नायकाच्या मागून वाघ येतोय. तुम्ही "अरे मागे बघ!" असं मनात ओरडलात तर ती एकतर्फी ओळख. तुमच्याच पाठीवर काटा आला तर तादात्म्य. रिकीइशीला निरोप द्यायला आलेले पहिल्या प्रकारातले. विमान पळवणारे दुसऱ्या प्रकाराच्या अगदी टोकाला जाऊन पोचलेले.

पण हे सगळं कुठल्याही मालिकेला लागू पडतं. आपल्याकडे खलनायिकेचं काम करणाऱ्या नटीला बाजारात बायका बोल लावतात, ते काय वेगळं आहे? मग ॲनिमेतच हा जीव एवढा का अडकतो? माझ्या समजुतीप्रमाणे त्याचं कारण असं, की ॲनिमेतलं पात्र मुद्दाम किंवा नाइलाजानं अर्धवट ठेवलेलं असतं आणि उरलेलं बघणाऱ्याला भरावं लागतं. ज्यात आपण हात घातला, त्यात आपला जीव अडकणारच.

आता हे अर्धवटपण कुठे कुठे असतं ते बघू.

पहिलं, चेहऱ्यात. अमेरिकन चित्रकथाकार स्कॉट मॅक्लाउड यांनी १९९३ मध्ये एक साधी गोष्ट दाखवून दिली. चेहरा जितका तपशिलात काढाल, तितका तो 'कुणा एका माणसाचा' होतो. जितका साधा ठेवाल, तितका कुणाचाही होऊ शकतो. दोन टिंबं आणि एक रेघ काढली की त्यात जगातल्या कुठल्याही माणसाला स्वतःला बघता येतं. ॲनिमेत नाक टिकलीएवढं, ओठ म्हणजे रेघ, गाल कोरे. पण मागचा रस्ता बघा! पावसानं ओला झालेला डांबरी रस्ता, विजेच्या तारांचं जंजाळ, दुकानाच्या शटरवरचा गंज, सगळं इतकं नेमकं की हात लावावासा वाटतो. जग पक्कं आणि त्यात वावरणारा माणूस कच्चा. त्या कच्च्या जागेत बघणारा अलगद शिरतो. डोळे तेवढे मोठे आणि झळझळीत असतात, कारण सगळा अभिनय त्यांनाच करायचा असतो. मांगाकार ओसामु तेझुका यांच्याकडून ही रीत रूढ झाली असं मानतात. त्यांच्यावर डिस्नीचा प्रभाव होताच, शिवाय ते वाढले ताकाराझुका या गावात. तिथल्या नाटक मंडळीत सगळ्या भूमिका बायकाच करतात, आणि रंगमंचावरचे ते रंगवलेले टपोरे डोळे त्यांनी लहानपणापासून बघितले होते.

दुसरं अर्धवटपण हालचालीत, आणि ते निव्वळ गरिबीतून आलं. १ जानेवारी १९६३ ला तेझुकांची 'तेत्सुवान ॲटम' मालिका टीव्हीवर सुरू झाली. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा भाग द्यायचा, आणि गाठीला पैसा नाही. चित्रपटात सेकंदाला चोवीस चौकटी सरकतात. थाटामाटाच्या ॲनिमेशनमध्ये त्यासाठी बारा ते चोवीस चित्रं काढत. तेझुकांची मंडळी आठावर भागवू लागली, पुष्कळदा त्याहूनही कमीवर. चेहरा स्थिर ठेवून फक्त तोंड हलवायचं, तेच चित्र पुन्हा वापरायचं, कॅमेराच चित्रावरून फिरवायचा. पोटासाठी केलेली काटकसर होती ही. पण तिच्यातून एक वेगळीच गोष्ट हाती लागली: चित्र थांबलं की बघणाऱ्याचं मन चालायला लागतं.

याचं सगळ्यात धाडसी उदाहरण म्हणजे १९९५-९६ मधल्या 'इव्हँजेलियन' मालिकेचा चोविसावा भाग. शिंजी हा चौदा वर्षांचा मुलगा एका अवाढव्य यंत्रात बसलेला आहे. यंत्राच्या मुठीत त्याचा नवा मित्र काओरू आहे. काओरू शत्रू निघालाय आणि 'मला मार' असं तोच सांगतोय. इथे चित्र थांबतं. मागे बेथोव्हेनची नववी सिंफनी चालू, आणि पडद्यावर जवळजवळ मिनिटभर काही म्हणजे काही हलत नाही. टीव्हीवर मिनिट म्हणजे युग. शिंजीच्या मनात काय चाललंय ते कुणी सांगत नाही, ते प्रत्येकानं आपल्या पदरचं घालायचं. काओरू मूळ मालिकेत जेमतेम त्या एका भागात वावरतो. तरी गेली तीस वर्षं तो चाहत्यांच्या अतिशय लाडक्या पात्रांपैकी एक आहे. ज्याच्याबद्दल सगळ्यात कमी सांगितलंय, त्याच्याभोवती सगळ्यात जास्त कल्पना रंगल्या.

चेहरा आणि हालचाल अशी रिकामी ठेवली, तर पात्राला घट्ट धरून ठेवणारी एक तरी गोष्ट हवी. ती म्हणजे आवाज. जपानीत आवाजाच्या कलाकारांना 'सेइयू' म्हणतात आणि त्यांचा मान नटांइतकाच असतो. 'ड्रॅगन बॉल'मधल्या गोकूला मासाको नोझावा या बाई १९८६ पासून आवाज देत आल्या आहेत. त्यांचा जन्म १९३६ चा. गोकूचा आवाज त्यांचा, त्याच्या दोन्ही मुलांचाही त्यांचाच. पडद्यावर बापलेक बोलत असतात, स्टुडिओत एकट्या आजीबाई. नोबुयो ओयामा यांनी १९७९ ते २००५ अशी सव्वीस वर्षं डोरेमॉनला आवाज दिला. तो बदलला तेव्हा जपानमध्ये मोठ्या माणसांनाही चुटपुट लागली, कारण त्यांचं बालपण त्या घोगऱ्या आवाजात साठवलेलं होतं.

आवाजाला जोडून भाषा येते, आणि इथे मराठी वाचकाला एक गंमत चटकन कळेल. आपल्याला 'मी' हा एकच शब्द. जपानीत पुरुषानं 'ओरे' म्हटलं तर रांगडा, 'बोकू' म्हटलं तर मवाळ, 'वाशी' म्हटलं तर कथेतला म्हातारा. गोकू स्वतःला 'ओरा' म्हणतो, म्हणजे गावाकडचा गडी. 'नारुतो' या मालिकेचा नायक नारुतो वाक्याच्या शेवटी 'दात्तेबायो' जोडतो. त्याला धड अर्थ नाही, पण तो शब्द त्याच्याशिवाय कुणाचाच नाही. भाषातज्ज्ञ सातोशी किनसुइ यांनी २००३ च्या सुमारास अशा बोलण्याला नाव दिलं 'याकुवारीगो', म्हणजे भूमिकेची भाषा. खऱ्या आयुष्यात असं कुणी बोलत नाही, पण कथेत बोललं की माणूस ओळखू येतो. आपल्या नाटकात पात्रानं 'इलंय' म्हटलं की सिंधुदुर्ग उभा राहतो आणि 'करून रायलो' म्हटलं की नागपूर, तसंच काहीसं. डबिंगमध्ये हे बहुतेक सगळं गळून जातं. उपशीर्षकं वाचत मूळ जपानी ऐकण्याचा पोरांचा हट्ट असतो, तो निव्वळ शिष्टपणा नाही, एवढं मी आता मान्य करतो.

स्वभावांचेही साचे ठरलेले असतात. वरून फणसासारखी काटेरी, आतून गोड, अशा मुलीला 'त्सुंदेरे' म्हणतात. चष्मा, मांजराचे कान, थंड नजर, केसांची एखादी उभी बट, असे सुटे भाग घेऊन पात्र जुळवता येतं. विचारवंत हिरोकी आझुमा यांनी २००१ मध्ये मांडलं की चाहते गोष्टीपेक्षा या सुट्या भागांच्या कोठारावरच जास्त प्रेम करतात. मला हे अर्धंच पटतं. साचा बघून माणूस थांबतो खरा, पण पंधरा वर्षं थांबत नाही.

पंधरा वर्षं म्हणजे, नारुतोची ॲनिमे ऑक्टोबर २००२ मध्ये सुरू झाली आणि मार्च २०१७ मध्ये संपली. भाग ७२०. सुरुवातीला गावानं वाळीत टाकलेला बारा वर्षांचा वांड पोरगा, शेवटाला लग्न झालेला गडी. ज्यानं दहाव्या वर्षी बघायला सुरुवात केली, तो संपताना पंचवीस वर्षांचा होता. मधे त्याची दहावी झाली, प्रेमभंग झाला, नोकरी लागली, आणि दर आठवड्याला हा एक भिडू भेटत राहिला. अशी मालिका संपते तेव्हा खरोखर पोकळी वाटते. जपानीत त्यालाही शब्द आहे, पात्राच्या नावापुढे 'रोसु' जोडायचा, म्हणजे इंग्रजीतला 'लॉस'. अमक्याचा रोसु झालाय म्हटलं की सहकारी समजून घेतात.

इथवर झालं निर्मात्यांनी मोकळ्या सोडलेल्या जागांबद्दल. पण त्या जागांचं चाहते काय करतात, तो खरा रंजक भाग.

एक म्हणजे ते स्वतः लिहितात आणि काढतात. २१ डिसेंबर १९७५ ला तोक्योत 'कॉमिकेट' नावाचा मेळा भरला. ३२ गट, सुमारे सातशे माणसं, त्यात शाळा-कॉलेजातल्या मुलीच जास्त. हौशी चाहत्यांनी स्वतः छापलेल्या चित्रकथा, म्हणजे 'दोजिंशी', तिथे विकल्या गेल्या. २०१९ च्या हिवाळ्यात त्याच मेळ्याला चार दिवसांत साडेसात लाखांची गर्दी होती. मूळ कथेत दोन मित्र एका पानावर नुसते बाकावर बसलेले दिसतात. त्या बाकावर ते काय बोलले, यावर तिथे चाळीस पानांचं पुस्तक मिळतं. कायद्याच्या काट्यावर तोललं तर हे सरळ मूळ हक्कांच्या आड येतं, पण प्रकाशक बहुतेक वेळा डोळेझाक करतात. आजचा दोजिंशीवाला उद्या आपलाच चित्रकार होतो, हे त्यांना ठाऊक आहे.

आणि मग भांडणं होतात. चाहत्यांच्या बोलीत एक फार नेमका शब्द आहे, 'काइशाकु-चिगाइ', अर्थ लावण्यातला फरक. "माझी शिनोबू असं कधीच बोलणार नाही" असं म्हणून दोन मैत्रिणी आठवडाभर अबोला धरू शकतात. वरवर पोरकट वाटतं. पण विचार करा, दोघींनी एकाच अर्ध्या चित्रात आपापलं अर्धं भरलंय. भांडण शिनोबूवरून नाहीच, त्या भरलेल्या अर्ध्यावरून आहे. काही जण तर आणखी पुढे जातात: आपल्या लाडक्या पात्राचा दुसरा चाहता दिसला तरी त्यांना खपत नाही. त्यालाही शब्द आहे, 'दोतान क्योही'.

लाडक्या पात्राला म्हणतात 'ओशी', ज्याला आपण पुढे ढकलतो, ज्याची पालखी वाहतो तो. या सगळ्या बोलीवर नजर टाकली तर एक गोष्ट डोळ्यांत भरते, ती म्हणजे शब्द धर्माकडून उसने आणलेत. पात्र फार आवडलं तर ते 'तोतोइ', म्हणजे पूज्य. घरात त्याच्या वस्तू मांडायच्या त्या कोपऱ्याला 'साइदान', वेदी. मित्राला मालिका बघायला लावणं म्हणजे 'फुक्यो', धर्मप्रसार. पक्का चाहता एकच वस्तू तीनदा घेतो असं गमतीनं म्हणतात: एक वापरायला, एक जपून ठेवायला आणि एक फुक्योसाठी. आणि कथेत दिसलेल्या खऱ्या जागी जाऊन येणं म्हणजे 'सेइची जुनरेइ', पवित्र स्थळांची यात्रा.

ही यात्रा खरोखर घडते. साइतामा प्रांतात वाशिनोमिया नावाचं जुनं शिंतो देवस्थान आहे. २००७ च्या 'लकी स्टार' मालिकेतल्या जुळ्या बहिणी तिथल्यासारख्याच एका देवस्थानात राहतात. मालिका चालू असतानाच चाहते तिथे पोचायला लागले आणि नवस लिहायच्या लाकडी पाट्यांवर पात्रांची चित्रं काढून टांगू लागले. नव्या वर्षाच्या दर्शनाला २००८ मध्ये तीन लाख लोक आले, २०११ मध्ये चार लाख सत्तर हजार. गावकऱ्यांनी नाकं मुरडली असतील असं वाटेल, पण २००८ च्या उत्सवात स्थानिक मंडळींच्या साथीनं 'लकी स्टार'ची वेगळी पालखी निघाली. शिकोकू बेटावरची ८८ मंदिरांची यात्रा जपानमध्ये प्रसिद्ध आहे. तिच्याच धर्तीवर ॲनिमे पर्यटन संघटना ८८ ॲनिमे-स्थळांची यादी काढते.

मला स्वतःला त्यातलं सगळ्यात आवडतं ते शिगा प्रांतातलं तोयोसातो. तिथे १९३७ सालची एक शाळा आहे, जिन्याच्या कठड्यावर ससा आणि कासवाच्या छोट्या ब्राँझच्या मूर्ती. ही इमारत पाडायचं घाटत होतं, गावकरी भांडले, ती वाचली. पुढे २००९ मध्ये 'के-ऑन!' ही शाळकरी मुलींच्या वाद्यवृंदाची मालिका आली, आणि तिच्यातली शाळा हुबेहूब हीच, ससा-कासवासकट. मालिकेत मुली सरावापेक्षा चहाच जास्त पितात. तर आता त्या खोलीत चाहत्यांनी आणून ठेवलेले कप-बश्या मांडलेल्या असतात. मुली तिथे नाहीत, कधीच नव्हत्या. टेबल आहे, कप आहेत, खुर्च्या रिकाम्या आहेत. लोक दुरून येऊन त्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघतात आणि तृप्त होऊन जातात.

सरकारी कचेऱ्याही या खेळात सामील आहेत. तेझुकांच्या मालिकेतला ॲटम हा यंत्रमानव मुलगा, कथेप्रमाणे त्याचा जन्म ७ एप्रिल २००३ चा. त्या दिवशी निइझा शहरानं त्याची रहिवासी म्हणून खास नोंद केली. पुढच्या वर्षी कासुकाबे शहरानं शिन-चॅनच्या कुटुंबाला तसाच मान दिला. डोरेमॉनचा जन्म तर कथेत ३ सप्टेंबर २११२ चा. कावासाकी शहरानं त्याला २०१२ मध्येच, जन्माच्या बरोबर शंभर वर्षं आधी, रहिवासी दाखला देऊन टाकला. आपल्याकडे जन्माला आलेल्याला दाखला मिळायला काय लागतं ते आठवून मी थोडा वेळ गप्प बसलो.

पैशाची बाजू मात्र इतकी गोड नाही. ओशीसाठी करायच्या सगळ्या खटपटीला 'ओशीकात्सु' म्हणतात, आणि तो आता एक धंदा आहे. बिल्ले बंद पाकिटात विकतात. आत कुठलं पात्र निघेल ते फोडल्यावरच कळतं, म्हणून हवं ते मिळेपर्यंत मुलं पाकिटं घेत राहतात. भाचीच्या सात एकसारख्या बिल्ल्यांपैकी दोन-तीन असेच आलेले. भक्तीचा भाग वजा जाता जे उरतं त्याला सोडत म्हणतात, आणि लहान मुलांपुढे ती मांडणं मला बरं वाटत नाही.

पण पैसा नेहमी विकणाऱ्याच्याच मर्जीनं वाहतो असंही नाही. एप्रिल २०१८ मध्ये डिटेक्टिव्ह कोनानचा 'झिरो नो शिक्कोनिन' हा चित्रपट आला. त्यात तोरू अमुरो हे पात्र पुढे होतं. चाहत्यांनी, विशेषतः बायकांनी, घोषणा दिली: अमुरोला हजार कोटी येनचा माणूस करू. त्यासाठी त्या पुन्हा पुन्हा तिकीट काढू लागल्या, दहादहा, वीसवीस वेळा. चित्रपट ९१८ कोटींवर थांबला. अमुरोला यातलं अर्थातच काही कळलं नाही. एकतर्फी ओळख ही खरी, पण आपल्या माणसाला परीक्षेत पहिला आणण्यासाठी आईनं रात्री जागाव्यात, तसलं काहीतरी त्यात होतं.

आपल्याकडे या सगळ्याची सुरुवात डोरेमॉनपासून धरायला हरकत नाही. २००५ पासून तो हिंदीत बोलू लागला आणि आमच्या घरांतली मराठी मुलं 'आई, मला भूख लगी' असलं धेडगुजरी बोलू लागली. बांगलादेशात तर मुलं हिंदी बोलायला लागली म्हणून २०१३ मध्ये हिंदी डोरेमॉनचं प्रक्षेपण थांबवलं. ती पिढी मोठी झाली तेव्हा नुसती टीव्हीवर येईल ते बघणारी राहिली नाही. २०१९ मध्ये माकोतो शिंकाई यांचा 'वेदरिंग विथ यू' हा ॲनिमे चित्रपट भारतात लागावा म्हणून हजारोंनी ऑनलाइन अर्जावर सह्या केल्या, आणि तो लागला. दिग्दर्शक स्वतः भारतात आले.

आणि १९७० चं ते 'आम्ही जो आहोत' हे वाक्यही परत आलं, यावेळी शब्दांशिवाय. 'वन पीस'मधल्या लुफीच्या जहाजाचा झेंडा म्हणजे गवती टोपी घातलेली कवटी. ऑगस्ट २०२५ मध्ये इंडोनेशियात सरकारवर नाराज असलेल्या लोकांनी तो घरांवर, ट्रकवर लावला. सप्टेंबरमध्ये काठमांडूच्या रस्त्यांवर तरुणांच्या आंदोलनात तोच फडकला. १९९९ पासून टीव्हीवर चालू असलेल्या मालिकेत लुफी जुलमी राजे आणि भ्रष्ट सत्ता उलथवत फिरतो. पण तो झेंडा उचलणाऱ्यांना कुठलाही जाहीरनामा पाठ करावा लागला नाही. प्रत्येकानं त्या टोपीत आपापला राग भरला. चांगलं की वाईट, हे भरणाऱ्यावर. पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी भरणाऱ्यांनी विमान पळवलं होतं.

१२ सप्टेंबर २०२५ ला 'डेमन स्लेयर'चा 'इन्फिनिटी कॅसल' भारतात लागला. भाची आता बारावीत, तरी अभ्यास बाजूला ठेवून सकाळचा पहिला खेळ. मी सोबत गेलो, सोबत म्हणजे तिकिटांचे पैसे देणारा म्हणून. या चित्रपटात शिनोबू मरते. भाचीनं मांगा कधीच वाचून संपवलेला, त्यामुळे तिला हे पानासकट पाठ होतं. तरी ती रडली, आणि तिच्यामागची अख्खी रांग रडली.

बाहेर रिक्षात मी विचारलं, "तुला माहीत होतं ना गं?"

"माहीत होतं रे मामा. पण मांगात आवाज नसतो ना. मरतानाचा तिचा आवाज तीन वर्षं मीच मनात काढला होता. आज खरा ऐकला."

"वेगळा होता?"

"थोडा." मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली. "माझा जास्त चिडलेला होता."

शिनोबूचा वाढदिवस २४ फेब्रुवारीला असतो. दरवर्षी भाची त्या दिवशी छोटा केक आणते, बिल्ले टेबलावर मांडते, फोटो काढते आणि केक शेजारच्या पोरांना वाटून टाकते. यंदा मी तिथे होतो, म्हणून मेणबत्त्या लावायचं काम माझ्याकडे आलं. किती लावू, असं विचारलं.

"अठरा. दरवर्षी अठराच." तिनं काडेपेटी माझ्या हातात दिली. "पुढच्या वर्षी मी तिच्याएवढी होईन. त्याच्या पुढच्या वर्षी ती माझ्याहून लहान."